शाकारणी आणि शाळेंतील सर्व्हर

आपल्या जव्हार-मोखाडा भागांत वैशाख सरत आला कीं, शहाणा घरधनी प्रथम आपल्या छपराकडे पाहतो. पेंढा कुजला असेल तेथें नवा घालतो, फुटकें कौल काढून साबूत कौल बसवितो, कुडास नवें लिंपण देतो. त्या दिवशीं आकाश निरभ्र असतें. घरांत पाण्याचा एक थेंबहि गळत नसतो. तरी त्यास कोणी वेडा म्हणत नाहीं. शाकारणी ही पाऊस पडूं लागल्यावर करावयाची गोष्ट नव्हे, हें येथील लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु हेंच शहाणपण आपण आपल्या शाळेच्या संगणक-खोलींत मात्र दाराबाहेर ठेवून येतों, अशी माझी तक्रार आहे. आणि तीच विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढें मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या पालकांस हा विषय परिचित नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करितों. शाळेच्या संगणक-खोलींत दहा-वीस संगणक असतात. त्या सर्वांस पुस्तकें, चित्रें व पाठ पुरविणारा, मुलांचें काम सांभाळून ठेवणारा असा एक संगणक कोपऱ्यांत अखंड चालू असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. हे सर्व संगणक मिळून जें कुटुंब होतें तें शाळेचें खाजगी जाळें. अशा सर्व्हरवर पुष्कळदां लिनक्स नांवाची प्रणाली असते. १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते. तिची प्रत करून दुसऱ्यास देण्यास अथवा तिच्या पोटांत काय आहे हें उघडून पाहण्यास कोणाची मनाई नाहीं. ती फुकट आहे म्हणून हलकी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. नोव्हेंबर २०१७ च्या यादीपासून जगांतील पहिल्या पांचशें महासंगणकांपैकीं एकूणएक लिनक्सवरच चालत आले आहेत.

आमच्यासारख्या डोंगराळ भागास अशा सर्व्हरचा उपयोग शहरापेक्षां अधिक आहे. शहरांतील मुलास हवी ती माहिती बाहेरून क्षणांत मिळते. येथें आषाढांत तार तुटली, वीज गेली, कीं सर्व संबंध खुंटला. परंतु २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया किविक्स नामक साधनाच्या योगें एकदां सर्व्हरवर आणून ठेविला, म्हणजे बाहेरची तार असो वा नसो, मुलांस तो वाचतां येतो. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील एका धनगरवाड्यावरील प्राथमिक शाळेंत मुलांस जे छोटे लॅपटॉप मिळाले तेहि लिनक्सवरच चालणारे होते. आपल्याच पालघर जिल्ह्यांत खामलोली व तिच्या आसपासच्या गांवांत मुंबईच्या आय. आय. टी.च्या ग्राममार्ग ह्या प्रकल्पानें दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला, आणि २०१७ सालीं त्यास मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें. ह्या गोष्टी अभिमानास्पद खऱ्या. परंतु तार दारापर्यंत येणें निराळें, आणि तारेच्या टोकाशीं असलेलें यंत्र वर्षानुवर्षें निगेंत राहाणें निराळें. पहिल्याचा समारंभ होतो. दुसऱ्याचा होत नाहीं. म्हणूनच तें मागें पडतें.

ही निगा म्हणजे काय? संगणकाचे प्रोग्राम माणसांनींच लिहिलेले असल्यामुळें त्यांत उणिवा राहतात. त्या ध्यानांत येतांच प्रोग्रामचे कर्ते दुरुस्ती करून ती भांडारांत ठेवितात. ती दुरुस्ती आपल्या यंत्रांत आणून बसविणें ह्यास अपडेट म्हणतात. छपराचें एक फुटकें कौल बदलावें तसाच हा प्रकार. बदललेल्या कौलाकडे पाहुण्याचें लक्षहि जात नाहीं. न बदललेलें कौल मात्र पहिल्या सरींतच बोलूं लागतें.

ह्या बाबतींत मी जें आग्रहानें बोलतों आहें तें माझ्या ज्ञानाच्या जोरावर नव्हे, तर माझ्या चुकीच्या जोरावर. पूर्वीं एका शाळेंत संगणक-खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष माझा होता. तेथील सर्व्हर उत्तम चालत असे, म्हणून चार वर्षें मीं त्यास हात लाविला नाहीं. त्या काळांत आठवी-नववीच्या मुलांनीं आपापल्या पाड्यांवर जाऊन आजी-आजोबांच्या तोंडचे वारली व कोकणा बोलींतील शब्द, कोडीं आणि लग्नांतील गाणीं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलीं व तीं सर्व त्या सर्व्हरवर आणून ठेविलीं. पुढें एका लहानशा प्रोग्रामची गरज पडली. तो बसवूं लागलों तेव्हां कळलें कीं, आमच्या आवृत्तीची मुदत केव्हांच संपली असून तिचीं पॅकेजें नेहमींच्या भांडारांतून हलविलीं गेलीं आहेत. जें काम चार उन्हाळ्यांत सावकाश व्हावयाचें तें मी जुलैच्या एका संध्याकाळीं उरकावयास बसलों. बाहेर पाऊस कोसळत होता. काम अर्ध्यावर आलें आणि वीज गेली. वीज परत आली, पण यंत्र उठेना. घाबरून मीं सर्व कांहीं नव्यानें बसवावयास घेतलें, आणि त्या गडबडींत जी डिस्क राखावयाची तीच पुसली. दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन मुलांस सत्य सांगितलें. कोणी रागावलें नाहीं. एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, “सर, माझी आजी गेल्या दिवाळींत वारली.” एवढेंच. त्या म्हातारीचा आवाज जगांत त्या एकाच डिस्कवर होता. तेव्हांपासून सर्व्हरची निगा हा माझ्या दृष्टीनें यंत्राचा प्रश्न राहिला नाहीं. मुलांनीं विश्वासानें आपल्या स्वाधीन केलेल्या ठेवीचा तो प्रश्न आहे.

आतां ह्या निगेविरुद्ध जे आक्षेप शाळाशाळांतून ऐकूं येतात ते एकेक पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, चालत्या गाडीस खीळ कशाला घालावी? सर्व्हर चालतो आहे, तर त्यास डिवचूं नये. ह्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे व त्याचा विचार मी पुढें करणार आहें. परंतु ‘चालतो आहे’ ह्या शब्दांनीं किती फसगत होते तें पहा. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या विंडोज प्रणालींतील एका मोठ्या उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनीं ती बसविली नाहीं त्यांचे संगणक एप्रिलमध्यें चालत होते, मेच्या आरंभींहि चालत होते. १२ मे रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच उणिवेच्या वाटेनें जगभर पसरला आणि इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांस आलेले रोगी परत पाठवावे लागले. पुढें २७ जून रोजीं नॉटपेट्या हा दुसरा उपद्रव आला. त्यानें पसरण्याच्या अनेक वाटांपैकीं एक तीच वापरली. मेर्स्क ह्या जहाज-कंपनीचें काम त्यामुळें जगभर ठप्प झालें व आपल्या नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या समूहाच्या धक्क्यावरचेंहि काम खोळंबलें. दुरुस्ती साडेतीन महिने भांडारांत पडून होती. छप्पर गळत नव्हतें, कारण पाऊस पडत नव्हता. दुसरें कारण नव्हतें.

कोणी म्हणेल, ही विंडोजची कथा झाली. लिनक्सला असलें कांहीं होत नाहीं. हा समज भाबडा आहे. त्याच वर्षीं, २४ मे २०१७ रोजीं, सांबा ह्या प्रोग्रामांतील एक गंभीर उणीव जाहीर झाली. सांबा म्हणजे लिनक्स सर्व्हरवरील फाइली खोलींतील इतर संगणकांस उघडून देणारा प्रोग्राम. शाळांच्या जाळ्यांत तो सर्रास असतो. ती उणीव २०१० सालच्या आवृत्तीपासून तशीच होती. सात वर्षें ती कोणास दिसली नाहीं. दिसली त्याच दिवशीं दुरुस्तीहि मिळाली. लिनक्सचा मोठेपणा त्यांत उणिवा नसतात ह्यांत नाहीं. त्या उघडपणें सांगितल्या जातात व त्वरित सुधारल्या जातात ह्यांत आहे. परंतु सांगितलेलें ऐकावयाचेंच नाहीं असें ज्यानें ठरविलें, त्यास ह्या मोठेपणाचा काय उपयोग?

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. आमचें जाळें खाजगी आहे. बाहेरचा चोर आंत येईल कसा? आतां हें खरें कीं, १०, १९२.१६८ इत्यादि अंकांनीं आरंभ होणारे कांहीं पत्ते १९९६ सालीं इंटरनेटच्या नियमांत खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेविले गेले, आणि अशा पत्त्यावरील यंत्र बाहेरच्यास थेट दिसत नाहीं. परंतु रानाच्या टोकास असलेल्या पाड्यावर चोर येत नसला तरी साप येतो, आणि तो बहुधा लांकडांच्या मोळींतूनच येतो. शाळेच्या खोलींत ती मोळी म्हणजे पेन ड्राइव्ह. इराणांतील नतान्झ येथील अणु-कारखान्याचीं यंत्रें बाहेरच्या जगापासून तोडलेलीं होतीं. तरी २०१० सालीं उघडकीस आलेला स्टक्सनेट हा प्रोग्राम तेथें पोंचला, आणि अशा तोडलेल्या जाळ्यांत शिरण्यासाठीं पेन ड्राइव्हवरून पसरण्याची सोय त्यांत मुद्दाम केलेली होती. जेथें इतका पहारा तेथें ही गत. मग ज्या खोलींत चाळीस मुलें रोज आपापल्या खिशांतून कांहींना कांहीं आणून यंत्रास जोडतात तिची कथा काय? खाजगी जाळें हें कुंपण आहे, छप्पर नव्हे.

शिवाय बंद जाळ्याचा एक गुप्त दोष आहे. डेबियन, उबुंटू ह्या लिनक्सच्या प्रसिद्ध प्रकारांत सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप आणून बसविण्याची सोय असते. ती चालू केली कीं, शिक्षक निश्चिंत होतात. पण ज्या सर्व्हरला बाहेर जाण्याची वाटच नाहीं तो रोज प्रयत्न करितो, रोज रिकाम्या हातीं परततो, आणि आपलें अपयश एका कोपऱ्यांतील फाइलींत मुकाट्यानें लिहून ठेवितो. ती फाइल कोणी वाचीत नाहीं. अशी निश्चिंती ही निष्काळजीपणापेक्षांहि वाईट, कारण तीस आपण निष्काळजी आहों हें ठाऊक नसतें.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचार करावयास लावणारा वाटतो. तो असा कीं, अपडेटनेंच घात होतो. हें खोटें नाहीं. वर सांगितलेला नॉटपेट्या प्रथम शिरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधूनच. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशीं बंद पाडले, आणि आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. लिनक्सच्या घरांतहि असें घडतां घडतां राहिलें. मार्च २०२४ मध्यें ॲन्ड्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रामरास आपल्या यंत्रांत प्रवेश होण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढतां काढतां त्यास दिसलें कीं, एक्सझेड नांवाच्या साध्या उपकरणाच्या नव्या आवृत्तींत कोणी चोरदार बसविलें आहे. चोरानें दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पांत इमानानें काम करून विश्वास संपादन केला होता. तें चोरदार डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत शिरलें होतें. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत मात्र नव्हतें.

ह्या उदाहरणांवरून कित्येक जण अपडेट करूंच नये असा निष्कर्ष काढितात. मला तो पटत नाहीं. बाजारांतून आणलेलें बीं एखादे वेळीं फसतें, म्हणून शेतकरी पेरणी सोडीत नाहीं; तो बीं पारखून घेतो. क्राउडस्ट्राइकचा दोष अपडेट दिलें हा नव्हे. तें एकदम सर्वांस दिलें हा. एक्सझेडच्या प्रकरणांत वांचले ते अपडेट न करणारे नव्हेत. स्थिर आवृत्तीवर राहून तिच्या फक्त दुरुस्त्या घेणारे वांचले. म्हणून माझें मत असें कीं, सुरक्षेची दुरुस्ती लौकर घ्यावी आणि नवेपणा सावकाश घ्यावा. पहिलीस उशीर करणें हा आळस. दुसऱ्याची घाई करणें ही हौस. शाळेच्या सर्व्हरला दोन्ही परवडत नाहींत.

आतां आमच्या भागांतील शाळेस हें साधेल कसें? माझी योजना फार मोठी नाहीं.

पहिली गोष्ट, गांवास जशी वेस एक असते तशी जाळ्यासहि एकच असावी. वीसच्या वीस संगणकांनीं स्वतंत्रपणें बाहेर जाऊन तेंच पॅकेज आणूं नये. समजा, एका महिन्याचें अपडेट ३०० मेगाबाइट आहे व आपली तार सेकंदास २ मेगाबिट वाहते. एका संगणकास वीस मिनिटें लागतील. वीस संगणकांस मिळून सहा तास चाळीस मिनिटें. त्याऐवजीं ॲप्ट-कॅशर-एनजी ह्यासारखा प्रोग्राम एका यंत्रावर बसविला, कीं पहिल्यानें मागितलेलें पॅकेज तेथें सांठून राहतें आणि बाकीचे एकोणीस तेथूनच नेतात. संपूर्ण भांडाराची नक्कल करण्यास शेंकडों गिगाबाइट लागतात. शाळेस तिची गरज नाहीं. मोखाडा तालुक्यांतील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणाचें पाणी मुंबईस जातें, आणि धरणाच्या मुलुखांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें आपण सर्व जाणतों. ज्ञानाच्या बाबतींत तरी, दारावरून जें वाहतें त्यांतलें आपल्या गरजेपुरतें अडवून ठेवण्यास आपणांस कोणी अडविलेलें नाहीं.

जेथें तारच नाहीं तेथेंहि उपाय आहे. पाड्यावरून आठवडे बाजारास जाणारा माणूस शेजाऱ्यांच्या सामानाची यादी घेऊन जातो व सर्वांचें मीठ-मिरची एकदम आणतो. ॲप्ट-ऑफलाइन हा प्रोग्राम हेंच करितो. तो सर्व्हरला काय काय हवें ह्याची यादी पेन ड्राइव्हवर लिहून देतो. ती यादी जव्हारास किंवा नाशकास, जेथें तार असेल तेथें न्यावी, सामान भरून आणावें. येथें कोणी विचारील, वाटेंत कोणीं भेसळ केली तर? त्याचीहि व्यवस्था आहे. भांडाराच्या यादीवर तिच्या कर्त्यांची अंकात्मक स्वाक्षरी असते आणि यादींत प्रत्येक पॅकेजचा ठसा नोंदलेला असतो. एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं व यंत्र तें पॅकेज नाकारतें. ही तपासणी कंटाळा आला म्हणून बंद करणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. त्यांस माझी हात जोडून विनंति आहे कीं, एक वेळ अपडेट राहूं द्या, पण ही तपासणी बंद करूं नका.

दुसरी गोष्ट राबाची. आमचे शेतकरी भात किंवा नागली एकदम सर्व शेतांत लावीत नाहींत. आधीं राब भाजून लहानशा जागेंत रोप करितात, तें धडपणें वाढलें म्हणजे आवणी. तद्वत् एक जुना संगणक सर्व्हरच्या जुळ्या भावासारखा तयार ठेवावा. अपडेट प्रथम त्यावर बसवावें, आठवडाभर मुलांस त्यावर काम करूं द्यावें, मग खऱ्या सर्व्हरवर, आणि शेवटीं खोलींतील संगणकांवर, तेंहि चार-पांचच्या गटांनीं.

तिसरी गोष्ट प्रतीची. मुलांच्या कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर व एक दुसऱ्या इमारतींत असावी. आणि प्रत ठेविली आहे एवढ्यावर थांबूं नये. दर सहामाहीस तीतून एखादी फाइल परत काढून पाहावी. न उघडलेल्या कणगींत दाणे आहेत कीं घुशी, हें उघडल्यावांचून कळत नाहीं. ही एक गोष्ट मीं केली असती तर त्या मुलीस तिच्या आजीचें गाणें आज ऐकतां आलें असतें.

चवथी गोष्ट वीज आणि घड्याळ. बॅटरीचा आधार असल्यावांचून पावसाळ्यांत अपडेटास बसूं नये. अर्धवट राहिलेलें काम पुरें करण्याची आज्ञा लिनक्समध्यें असते, ती आधीं शिकून ठेवावी. माझ्यासारखें घाबरूं नये. घड्याळाची गोष्ट लहान, पण मोठे मोठे तिच्यापाशीं अडतात. यंत्रांतील लहान बॅटरी संपली कीं, वीज गेल्यावर त्याचें घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें. मग नवी यादी पाहून यंत्र म्हणतें, ही तर उद्यांची तारीख, मी मानणार नाहीं. उलट फार दिवस न बदललेली सुरक्षेची यादीहि मुदत टळल्यामुळें नाकारली जाते. म्हणून जाळ्यांतील एका यंत्राचें घड्याळ बरोबर ठेवून इतरांनीं त्यावरून वेळ लावावी.

पांचवी गोष्ट नोंदवही. साधी, कागदाची. कोणत्या दिवशीं, कोणीं, काय बदललें व पुढें काय झालें, हें तींत लिहावें. शिक्षकांची बदली होते. वही शाळेंत राहते. तिच्या पहिल्या पानावर आपल्या आवृत्तीची मुदत मोठ्या अक्षरांत लिहावी. उदाहरणार्थ, डेबियन १२ ही आवृत्ति जून २०२३ मध्यें निघाली व तिची दीर्घ मुदतीची निगा जून २०२८ पर्यंत आहे; उबुंटू २२.०४ ची नेहमींची निगा २०२७ पर्यंत. आवृत्ति बदलण्याचें मोठें काम मेच्या सुटींत, म्हणजे शाकारणीच्याच दिवसांत, करावें.

शेवटचा आक्षेप पैशाचा व माणसांचा. पैशाबद्दल सांगावयाचें तर वरील प्रोग्रामांपैकीं एकासहि किंमत पडत नाहीं. एक जुना संगणक, एक डिस्क व बॅटरी एवढाच खर्च. माणसांबद्दल माझें म्हणणें असें कीं, ती उणीव नसून संधि आहे. नववीच्या चार मुलामुलींचें एक मंडळ करावें, त्यांत निम्म्या मुली असाव्यात, व शिक्षकांच्या देखरेखीखालीं महिन्यांतील एक शनिवार त्यांच्या स्वाधीन करावा. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत ज्या आज्ञा देऊन लोक आपला चरितार्थ चालवितात, त्याच आज्ञा मोखाड्याच्या मुलीस त्याच अक्षरांत द्यावयाच्या असतात. लिनक्स तिला तूं कोठून आलीस हें विचारीत नाहीं. परंतु ह्याहूनहि मोठा लाभ दुसरा आहे. नवीन वस्तु आणणाऱ्याचा सत्कार होतो. आणलेली वस्तु राखणाऱ्याचें नांव कोणी घेत नाहीं. तें न घेतलेलें काम नेमानें करण्याची संवय ज्या मुलास शाळेंत लागली, त्याच्यावर पुढें घर, गांव किंवा दवाखाना सोंपवावयास हरकत नाहीं.

पालकांस एकच विनंति. शाळेंत किती संगणक आले हें आपण दरवर्षीं विचारतां, तें योग्यच आहे. पुढच्या सभेंत आणखी तीन प्रश्न विचारा: सर्व्हरचें शेवटचें अपडेट केव्हां झालें? आमच्या मुलांच्या कामाची दुसरी प्रत कोठें आहे? आणि नोंदवही दाखवाल काय? ह्या प्रश्नांस लाज वाटण्याजोगें उत्तर मिळालें तर रागावूं नका. पण पुढच्या सभेस ते पुन्हां विचारा. मला त्या चार वर्षांत हे प्रश्न कोणीं विचारिले नाहींत. विचारिले असते तर मी त्या दिवशीं रागावलों असतों आणि आज आभार मानिले असते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या पाड्यांवर अजून आजी-आजोबा आहेत. त्यांचे शब्द पुन्हां गोळा करा. ह्या वेळीं ते ज्या छपराखालीं ठेवूं तें आधीं शाकारून घेऊं.